जुन्या गाडीच्या लाँगमेंबरचा पोचा : ओळंब्यापासून मेणापर्यंत

आमच्या घरी १९७७ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन वर्षांपूर्वी ती धुण्यासाठी आणि ग्रीसिंगसाठी सांगलीतील एका सर्व्हिस स्टेशनवर दिली असता, तेथे रॅम्प रिकामा नसल्यामुळे कोणीतरी ट्रॉली जॅक थेट डाव्या लाँगमेंबरच्या, म्हणजे गाडीच्या तळाशी लांबीने जाणाऱ्या पोलादी पेटीच्या, पोटाला लावला आणि गाडी उचलली. ही गोष्ट त्या दिवशी कोणाच्याच लक्षात आली नाही. पुढे पावसाळा संपल्यावर खालचा चिखल खरवडताना, पुढच्या आसनाच्या बरोबर खाली बोटांना एक खोलगट जागा लागली. पट्टी लावून पाहिली तेव्हा तळाचा पत्रा १६० मिमी लांबीत आत गेलेला होता, सर्वांत खोल जागी १८ मिमी, आणि त्याच ठिकाणी उभी बाजू ५ मिमी बाहेर फुगलेली होती. तो पोचा काढताना जे शिकलो, त्यानंतर मित्रांच्या दोन गाड्यांवर जे पडताळून पाहता आले आणि कुपवाड एमआयडीसीतील अनुभवी फॅब्रिकेटरांनी जे समजावून सांगितले, ते सर्व येथे क्रमाने मांडत आहे.

गॅरेजमध्ये 'चॅसी' हा शब्द सरसकट वापरला जातो, परंतु सर्व जुन्या गाड्यांची रचना एकसारखी नसते. महिंद्राच्या जुन्या जीपला शिडीसारखी स्वतंत्र चॅसी असते. दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर असा तो सांगाडा असून बॉडी त्यावर बोल्टने बसवलेली असते. मद्रासला तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डलाही स्वतंत्र चॅसी होती. याउलट पद्मिनी आणि अँबॅसिडर या गाड्यांत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. त्यांच्या जमिनीच्या पत्र्याखाली टोपीच्या आकारात वाकवलेला पत्रा स्पॉट वेल्डने (ठिपक्याठिपक्याने केलेल्या वेल्डने) जोडलेला असतो आणि दोन्ही मिळून एक बंद पेटी तयार होते. या पेटीलाच लाँगमेंबर म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः या बंद पेटीविषयी आहे. जीपच्या चॅनेलचा काही भाग उघडा असल्याने तेथे आतून हातोडी पोचते आणि काम बरेच सोपे होते. अलीकडच्या गाड्यांत मात्र उच्च ताकदीचे पोलाद वापरतात आणि त्याचे नियम वेगळे आहेत, त्यामुळे येथील पद्धती साध्या नरम पोलादाच्या जुन्या गाड्यांपुरत्याच समजाव्यात.

पोच्याने नेमके काय बिघडते

तांब्याच्या घागरीला पोचा पडला तर ती दिसायला वाईट दिसते, पण पाणी धरतच राहते. लाँगमेंबरचे तसे नाही. पेटीची ताकद तिच्या उंचीवर आणि तिच्या चार कोपऱ्यांच्या सरळपणावर अवलंबून असते. रिकाम्या काडेपेटीचे बाहेरचे आवरण उभे धरून वरून बोटाने दाबून पाहावे. ते बराच भार सहन करते. मग त्याचा एकच कोपरा नखाने किंचित आत दाबावा आणि पुन्हा तेवढाच भार द्यावा, म्हणजे ते त्याच जागी मुडपते. भार प्रामुख्याने कोपऱ्यांतून वाहत असतो, म्हणून तळाच्या पत्र्यातील मधला खड्डा एक वेळ कमी चिंतेचा. परंतु त्या खड्ड्याने कोपरा ओढून नेला असेल आणि उभी बाजू फुगवली असेल, तर पुढच्या धडकेत किंवा मोठ्या खड्ड्यात पेटी तेथेच घडी घालणार. आमच्या गाडीचा पोचा या दुसऱ्या प्रकारचा होता.

आधी माप

बहुतेक डेंटर पोचा दिसताच हातोडी उचलतात. मी मात्र पहिला संपूर्ण दिवस केवळ मोजमापाला द्यावा असे आग्रहाने सांगेन, कारण पोचा हा अनेकदा मोठ्या वाकाचा दिसणारा एक लहानसा भाग असतो. लाँगमेंबर खाली बसलेला, बाजूला सरकलेला किंवा पिळलेला असताना केवळ खड्डा बाहेर काढला, तर वाकडेपणा तसाच राहतो आणि वरून रंग चढल्यामुळे तो कायमचा झाकला जातो.

त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. गवंड्याचा ओळंबा, पारदर्शक नळी, तीन मीटरची चांगली स्टील टेप, कागदी चिकटपट्टी आणि टोकदार पेन्सिल एवढे पुरते. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरांत हवा समान ठेवावी आणि डिकी रिकामी करावी. नंतर पोच्यापासून दूर असलेले आणि डाव्या-उजव्या बाजूंना तंतोतंत जुळणारे चार बिंदू निवडावेत. मी पुढच्या सस्पेन्शनच्या दोन बोल्टांचे मध्य आणि मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरच्या दोन बोल्टांचे मध्य निवडले होते. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडावा, त्याचे डोलणे पूर्ण थांबू द्यावे, टोकाखाली फरशीवर चिकटपट्टी लावावी आणि तिच्यावर बारीक फुली मारावी. चारही फुल्या झाल्या की गाडी ढकलून बाजूला घ्यावी. आता मोजायचे ते उघड्या फरशीवर, वाकून अंधारात नव्हे.

डावी लांबी, उजवी लांबी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. पुढची रुंदी आणि मागची रुंदी वेगळी असली तरी हरकत नाही, कारण सममित चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखेच येतात. दोन कर्णांत ३ मिमीपर्यंतचा फरक या वयाच्या गाडीत मी मान्य करतो. त्यापेक्षा जास्त फरक आला तर प्रथम स्वतःचीच चूक शोधावी, फुल्या पुन्हा माराव्यात आणि तरीही तोच आकडा आला तर सांगाडा तिरका झाला आहे असे समजावे. आमच्या गाडीत फरक २ मिमीचा निघाला आणि मनावरचे मोठे ओझे उतरले.

यानंतर पीळ तपासावा. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यातील बुडबुडे पूर्णपणे काढून टाकावेत, कारण एक बुडबुडा राहिला तरी पातळी खोटी दाखवते. गाडी चार स्टँडवर घेऊन मागचे दोन बिंदू प्रथम एका पातळीत आणावेत आणि मग पुढच्या दोन बिंदूंची पातळी पाहावी. तेथे दोन बाजूंत जो फरक दिसेल तो पीळ. शेवटी एक मीटर लांबीची सरळ पट्टी लाँगमेंबरच्या तळाला पुढून मागे लावावी. पोच्याच्या दोन्ही बाजूंना ती पत्र्याला सलग टेकत असेल आणि फक्त खड्ड्यावरच फट दिसत असेल, तर इजा स्थानिक आहे. पट्टी कोठे टेकते, फट कोठे सुरू होते आणि प्रत्येक २० मिमीवर किती खोल जाते, हे वहीत लिहून ठेवावे. फुगलेल्या बाजूची रुंदी व्हर्नियरने मोजून उजव्या लाँगमेंबरच्या त्याच जागेच्या रुंदीशी ताडून पाहावी. गाडीचे मूळ मोजमापाचे पुस्तक हाती नसले तरी तिचीच दुसरी बाजू हा आपला सर्वांत विश्वासू नकाशा असतो.

ओढायचे की बदलायचे

वाकलेला पत्रा सरळ करता येतो, घडी पडलेला पत्रा बदलावा लागतो. हा फरक हाताला कळतो. पोच्याच्या कडेवरून अंगठा फिरवला असता वळण गोलसर लागत असेल, तर पत्रा केवळ वाकला आहे. अंगठ्याला चुणीसारखी धारदार रेघ लागत असेल, तर तेथे पोलाद ताणून थकले आहे आणि ते सरळ करताना तडकण्याचा संभव मोठा असतो. संशय असल्यास त्या रेघेवरचा रंग पूर्ण काढून डाय पेनेट्रंटचा फवारा मारावा. कुपवाड आणि सातारा एमआयडीसीत कास्टिंग व वेल्डिंग तपासणाऱ्या बहुतेक कारखान्यांना हा लाल रंगाचा आणि पांढऱ्या डेव्हलपरचा संच परिचित असतो. लाल द्रव मुरू द्यावा, पुसून घ्यावा आणि पांढरा फवारा मारावा. भेग असेल तर केसासारखी लाल रेघ वर येते.

दुसरी कसोटी गंजाची. लहान टोकदार हातोडीने लाँगमेंबर दर ३०–४० मिमीवर हलकेच ठोकत जावे. निकोप पत्रा ठणठणीत बोलतो, कुजलेला पत्रा भद्द आवाज करतो. जेथे भद्द आवाज येतो तेथे स्क्रूड्रायव्हर जोराने टोचावा. तो आत गेला तर पोचा काढण्याचा विचार सोडून द्यावा, कारण कुजलेल्या पत्र्याला ओढण्यासाठी पकडच मिळत नाही.

पोचा सस्पेन्शन किंवा स्टीअरिंग बॉक्सच्या बैठकीजवळ असेल, किंवा कर्णांतला फरक मर्यादेबाहेर असेल, तर हे काम घरी करू नये. तेथे संपूर्ण गाडी जखडून धरणारा चॅसी बेंच असलेली कार्यशाळाच हवी. ही अट मी घाबरवण्यासाठी घालत नाही. गाडी सरळ रेषेत ब्रेक घेते की नाही हे त्याच काही मिलिमीटरांवर ठरते.

येथेच कागदपत्रांचाही विचार करावा. चॅसी नंबर कोरलेल्या भागावर ग्राइंडर, वेल्डिंग किंवा पुट्टी यांतले काहीही लागू देऊ नये. शिवाय २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर पडली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतील क्रमांक मिळू शकतो, परंतु चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मूळ रचना बदलणारे फेरफार झालेले नसावेत अशी त्यात अट आहे. आमची गाडी पन्नाशीजवळ आलेली असल्याने जाड चॅनेल जोडून 'मजबुती' करण्याचा सल्ला मी नाकारला. मूळ आकार, मूळ जाडी, मूळ जागा हे धोरण यांत्रिक दृष्टीनेही योग्यच ठरते. एकच जागा भलतीच कडक झाली की वाक तिच्या शेजारी सरकतो आणि काही वर्षांनी भेग तेथे पडते.

कामापूर्वीची तयारी

गाडी स्टँडवर घेताना दुखावलेल्या लाँगमेंबरवर कोणताही भार येता कामा नये. मागे ॲक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या आडव्या बैठकीखाली स्टँड द्यावेत, दारे लावलेली ठेवावीत आणि दारांच्या फटी चिकटपट्टीवर आकड्यांत लिहून ठेवाव्यात. काम चालू असताना फट बदलू लागली तर सांगाडा हलतो आहे याची ती पहिली सूचना असते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली एक क्षणही जाऊ नये.

बॅटरी काढून ठेवावी. ब्रेकची आणि पेट्रोलची नळी लाँगमेंबरच्या कडेने जात असते. पोच्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरापर्यंत त्यांच्या क्लिपा सोडून त्या दूर बांधाव्यात, पेट्रोलची नळी तर पूर्ण रिकामी करून काढूनच घ्यावी. जॅकने ब्रेकची नळी चेपली गेली आहे का हेही याच वेळी पाहावे. आमची किंचित चपटी झाली होती आणि ती मी नवीन घातली. गाडीच्या आतील मॅटिंग आणि त्याखालील डांबरी थर उचलावा, कारण वेल्डिंगची उष्णता पत्र्यापलीकडे जाऊन तोच पेटतो. जवळ पाण्याची बादली, वाळू आणि अग्निशामक असावे, आणि आतल्या बाजूला नजर ठेवणारा दुसरा माणूस असावा.

खालचा जुना अंडरकोट पातळ खरवडणीने काढावा आणि उरलेला वायर ब्रशने स्वच्छ करावा. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासत राहू नये, कारण स्पॉट वेल्डचे गोल ठसे त्याआधी दिसले पाहिजेत. पोच्याजवळचे ठसे सुटलेले किंवा ओढले गेलेले असतील तर त्यांना खडूने खूण करावी.

सांगलीकरांसाठी एक विशेष सूचना आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत कृष्णेचे पाणी शहराच्या वस्त्यांत शिरले होते, आणि त्या वेळी पाण्यात उभ्या असलेल्या अनेक गाड्या नंतर धुऊन-पुसून विकल्या गेल्या. पाणी ओसरते, पण लाँगमेंबरच्या पेटीत शिरलेला गाळ तेथेच बसून राहतो आणि प्रत्येक पावसाळ्यात ओलावा धरतो. मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा पाणी निचरण्याच्या छिद्रातून आत घालून पाहावे. मित्राच्या अँबॅसिडरमध्ये आम्ही तो घातला तेव्हा पडद्यावर उन्हाने भेगाळलेल्या शेतासारखा काळा थर दिसला. तारेने तो मोकळा केला, पाण्याच्या बारीक धारेने धुतला, तेव्हा खाली ठेवलेल्या घमेल्यात तळ झाकेल एवढा गाळ साचला आणि त्यात गंजाचे पापुद्रे मिसळलेले होते. त्या गाडीत पोच्याचा प्रश्नच उरला नाही. तुकडा बदलावा लागला. आपल्या गाडीत गाळ निघाला तर पेटी हवेच्या झोताने दोन दिवस कोरडी करावी आणि त्यानंतरच पुढचे पाऊल टाकावे.

पोचा बाहेर ओढणे

पोचा खालून वर गेलेला असतो, म्हणजे तो खाली ओढायचा आहे. जमिनीला साखळी बांधून ओढले तर पोच्याबरोबर गाडीही खाली ओढली जाते आणि स्टँडच्या जागी नवे पोचे पडतात. म्हणून ओढण्याचा भार लाँगमेंबरच्याच निकोप भागाने पेलावा अशी योजना करणे श्रेयस्कर. त्यासाठी मी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून एक साधा पूल बनवून घेतला. ७५ मिमीच्या चॅनेलचा ४०० मिमी लांब तुकडा, त्याच्या मध्यभागी आरपार छिद्र, त्यातून जाणारा १६ मिमीचा आटे पाडलेला रॉड आणि वर ६ मिमी जाडीची पकडपट्टी, एवढेच त्याचे स्वरूप. पुलाची दोन टोके पोच्याच्या दोन्ही बाजूंना लाँगमेंबरच्या तळाला टेकतात आणि खालचे नट आवळले की रॉड पोच्याला पुलाकडे, म्हणजे खाली, ओढतो. टेकण्याच्या जागी बाभळीचे ठोकळे ठेवावेत आणि ठोकळा व पत्रा यांच्यामध्ये ६ मिमीची पट्टी द्यावी, जेणेकरून भार पत्र्याच्या मधल्या नरम भागावर न येता दोन्ही कोपऱ्यांवर येईल.

पोच्याला पकड देण्यासाठी वायसर उभे वेल्ड करावेत. पोच्याच्या सर्वांत खोल रेघेवर, २० मिमी अंतराने, सहा वायसर एका ओळीत उभे करून प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी छोटासा टाका द्यावा. सर्वांच्या छिद्रांतून एकच १० मिमीची सळई ओवावी आणि पकडपट्टी त्या सळईला अडकवावी. असे केल्याने ओढ एका बिंदूवर न पडता संपूर्ण लांबीत वाटली जाते. एकच हुक लावून ओढल्यास पत्रा टोपीच्या शेंड्यासारखा बाहेर येतो आणि बाजूचा खड्डा तसाच राहतो. ही चूक दुरुस्त करणे मूळ पोच्यापेक्षा कठीण असते.

नट आवळण्यापूर्वी फुगलेल्या उभ्या बाजूचा बंदोबस्त करावा. तिच्यावर सपाट लोखंडी पट्टी ठेवून सी-क्लँपने ती समोरच्या बाजूशी हलकेच आवळावी. तळ खाली येऊ लागला की बाजूला आत जाण्यासाठी जागा होते, म्हणून क्लँप आणि नट हे दोन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळत जायचे असतात. केवळ क्लँप जोरात आवळला तर तळ अडून राहतो आणि कोपऱ्यावर नवी चुणी पडते.

१६ मिमीच्या रॉडच्या आट्याचा पिच २ मिमी असतो, त्यामुळे नटाचा अर्धा फेरा म्हणजे १ मिमीची ओढ. प्रथम तीन अर्धे फेरे द्यावेत आणि थांबावे. ताण तसाच ठेवून पोच्याच्या कडेला जो उंचवटा तयार झालेला असतो त्यावर, आणि फक्त त्यावरच, लाकडाचा तुकडा मध्ये धरून हलके ठोके मारत जावे. पोचा पडताना मध्य प्रथम आत गेला आणि हा उंचवटा सर्वांत शेवटी तयार झाला. परतीच्या वाटेवर तोच प्रथम मोकळा व्हावा लागतो. ठोके बरोबर जागी पडत असतील तर रॉडचा ताण आपोआप सैल पडतो, नट हाताने फिरू लागतो आणि पत्रा 'टक्' असा आवाज करून एक पाऊल मागे येतो. तो आवाज प्रथम ऐकला तेव्हा काहीतरी तुटले असे वाटून मी गाडीखालून बाहेर आलो होतो. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर वेल्डचा एकही टाका हललेला नव्हता आणि खोली १८ वरून १४ वर आलेली होती.

दहा मिनिटे थांबून नट पूर्ण सैल करावे आणि पट्टी लावून मोजावे. ताण सोडल्यावर येते तेच खरे माप. पोलाद लवचिक असल्याने ते थोडे परत जाते, म्हणून शेवटच्या टप्प्यात १ ते २ मिमी जास्त ओढावे लागते. मला हे काम करायला दोन दुपारी लागल्या आणि शेवटी १.५ मिमीचा खळगा उरला. तो मी तसाच ठेवला. वारंवार वाकवलेले पोलाद कडक आणि ठिसूळ होत जाते. शेवटचा मिलिमीटर मिळवण्याच्या हट्टापायी पत्रा तडकवण्यात शहाणपण नाही. त्या खळग्यात पुट्टी भरणे तर पूर्ण टाळावे, कारण पुढे भेग पडली तर ती पुट्टीखाली कोणाला दिसणार नाही.

गरम करून ओढण्याविषयी नेहमी विचारले जाते. शक्य असेल तोवर काम थंडच करावे. एखादा कोपरा मुळीच हलत नसेल तरच, मंद लाल होईल इतपत, म्हणजे सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सियसपर्यंत, तेवढाच रुपयाएवढा भाग गॅस टॉर्चने तापवावा आणि ताण हळू द्यावा. पत्रा निळसर दिसू लागतो त्या सुमारास, म्हणजे साधारण २०० ते ३५० अंशांच्या दरम्यान, साधे पोलाद उलट अधिक ठिसूळ असते. त्या अवस्थेत त्यावर हातोडी चालवू नये. पाणी टाकून थंड करू नये. हवेत आपोआप थंड होऊ द्यावे.

काम झाल्यावर वायसर पिळून तोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर पत्र्याचा तुकडाही निघून येतो. बारीक कटिंग व्हीलने टाके कापावेत आणि उरलेला उंचवटा फ्लॅप डिस्कने पत्र्याच्या पातळीपर्यंतच घासावा.

खिडकी कापावी लागली तर

बाहेरून ओढून पत्रा येत नसेल तर आतून ढकलण्यासाठी लाँगमेंबरच्या उभ्या बाजूत खिडकी कापतात. कोपऱ्यांपासून किमान १५ मिमी अंतर राखावे, खिडकीचे कोन गोल ठेवावेत आणि कापलेला तुकडा जपून ठेवावा, कारण तोच परत बसवायचा असतो. आतून पाचर किंवा लहान जॅक लावताना त्याची वरची बाजू गाडीच्या जमिनीच्या पत्र्यावर टेकते. तेथे ६ मिमीची रुंद प्लेट द्यावी, अन्यथा खालचा पोचा निघून वर, पायाखाली टेंगूळ येईल.

तुकडा बदलणे

घडी किंवा गंज असल्यास तेवढा भाग नवा घालावा. मूळ जाडी व्हर्नियरने निकोप जागी मोजावी आणि तीच जाडी घ्यावी. १६ गेजचा पत्रा सुमारे १.६ मिमीचा आणि १८ गेजचा सुमारे १.२ मिमीचा असतो. सीआरसीए (थंड लाटून मग तापवून नरम केलेला) पत्रा घेऊन तो बेंडिंग मशीनवर उजव्या लाँगमेंबरच्या मापाने वाकवून घ्यावा. कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे अँगल बोल्टने जखडावेत, नाहीतर पेटी उघडताच गाडी मध्ये बसते. कापाची रेघ छिद्रावरून किंवा बैठकीजवळून नेऊ नये, आणि तळाचा काप व बाजूंचे काप एकाच रेघेत न ठेवता ४०–५० मिमी पुढे-मागे ठेवावेत. सांध्याच्या आत दोन्हीकडे ५०–६० मिमी जाईल अशी त्याच जाडीची आतली बाही बसवावी. तिला बाहेरून ८ मिमीच्या छिद्रांतून प्लग वेल्ड करावे, म्हणजे छिद्र वेल्डने भरून खालच्या पत्र्याशी जोडावे, आणि मग सांधा भरावा.

वेल्डिंग सीओटू यंत्रानेच (तार आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरणाऱ्या) करावे, ०.८ मिमीच्या तारेने. साध्या रॉडच्या वेल्डिंगने इतक्या पातळ पत्र्याला भोके पडतात. गाडीला हात लावण्यापूर्वी त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर प्लग वेल्ड करून छिन्नीने त्या उचकटाव्यात. वेल्ड सुटून न येता खालच्या पट्टीचा गोल तुकडा सोबत घेऊन आला, तर वेल्ड आत भिनला आहे असे समजावे. तो स्वच्छ निघून आला तर करंट वाढवून पुन्हा प्रयोग करावा. माझ्या मते मालकाने मोजमाप, सफाई आणि ओढकाम स्वतः करण्यास हरकत नाही; परंतु हा सांधा, हात बसलेल्या वेल्डरकडून, आपण समोर उभे राहून करून घ्यावा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड ओढू नये. २५ मिमीचे टाके आळीपाळीने लांब लांबच्या जागी द्यावेत आणि मधे पत्रा हाताला सोसेल इतका निवू द्यावा. गंजलेल्या पत्र्यावर वरून पट्टी ठोकून वेल्ड करण्याचा प्रघात सर्रास आढळतो. त्या दोन पत्र्यांत पाणी अडकते आणि दोन-तीन पावसाळ्यांत पट्टीच निखळून येते.

तपासणी, रंग आणि मेण

सुटलेले स्पॉट वेल्ड प्लग वेल्डने भरून घ्यावेत, डाय पेनेट्रंट पुन्हा मारावा आणि ओळंब्याचे सर्व माप पहिल्यापासून घ्यावे. दारांच्या फटी वहीतील आकड्यांशी जुळल्या पाहिजेत.

बाहेरून इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, सांध्यांवर सीम सीलर आणि त्यावर अंडरकोट द्यावा. आतल्या बाजूला रंग पोचत नाही, म्हणून तेथे कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचे मेण, हाच उपाय. चहूबाजूंना फवारणारे नोझल लांब नळीवर लावून ते पेटीच्या दुसऱ्या टोकापर्यंत घालावे आणि फवारत फवारत सावकाश मागे ओढावे. निचऱ्याच्या छिद्रातून मेण ठिबकू लागले की आतली भर पुरेशी झाली. मग ते छिद्र तारेने पुन्हा मोकळे करावे. सर्व वेल्डिंग संपल्याशिवाय मेण मारू नये, कारण ते जळते आणि पेटते. ज्यांच्या गाड्या साताऱ्याहून मेढा किंवा महाबळेश्वरच्या पावसात नेहमी जातात, त्यांनी दर दोन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, मेणाचा हात पुन्हा द्यावा.

यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि गाडी प्रथम रिकामी चालवावी. मी सांगली ते तासगाव अशा चार-पाच फेऱ्या मारल्या, सुमारे २०० किलोमीटर झाल्यावर त्याच फरशीवर गाडी उभी केली आणि ओळंबा पुन्हा सोडला. कर्णांतला फरक २ मिमीच होता, खळगा १.५ मिमीच होता. ही सर्व मापे तारखेसह लिहिलेला कागद मी गाडीच्या आरसी पुस्तकाच्या पाकिटात ठेवला आहे. डिकीत लाकडाचा एक ठोकळा असतो, त्याला जॅकच्या मापाची खाच पाडलेली आहे. आणि जॅक जेथे लावायचा त्या चारही जागांवर पिवळ्या रंगाचे बाण काढलेले आहेत, म्हणजे गाडी कोणाच्याही हाती दिली तरी खाली वाकणाऱ्याला ते प्रथम दिसतील.